निळ्या गोळीचा इतिहास

सन १९७६ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. कॅनडातील माँट्रियल शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. स्त्रियांच्या पोहण्याच्या एकूण तेरा शर्यती होत्या. त्यांपैकी अकरा सुवर्णपदके एकट्या पूर्व जर्मनीच्या मुलींनी पटकावली. चारच वर्षांपूर्वी म्युनिकच्या सामन्यांत याच देशाच्या मुलींना पोहण्यात एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. देश केवढा म्हणाल, तर लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आत. आज एका मुंबईत आणि तिच्या उपनगरांत याहून अधिक माणसे राहतात. एवढ्याशा देशाने माँट्रियलला सर्व खेळ मिळून ४० सुवर्णपदके मिळवली. अमेरिकेला ३४ मिळाली. सोव्हिएत रशिया तेवढा ४९ घेऊन पुढे राहिला.

त्या तलावात शर्ली बाबाशॉफ नावाची एक अमेरिकन मुलगी होती. वय वर्षे एकोणीस. तिने चार रौप्यपदके मिळवली. अगदी शेवटी, चौघींनी मिळून पोहायच्या मुक्त शैलीच्या शर्यतीत, तिच्या संघाने पूर्व जर्मनीला हरवून एक सुवर्णपदक खेचून आणले. परंतु त्याआधीच तिच्या तोंडून एक वाक्य निघून गेले होते. या मुलींचे दंड आणि त्यांचे जाडे आवाज पाहा, काहीतरी काळेबेरे आहे, अशा अर्थाचे ती बोलली. झालं! वर्तमानपत्रांनी तिला कुरकुरी शर्ली ठरवले. हरली म्हणून चिडते आहे, म्हणाले. पूर्व जर्मनीच्या एका प्रशिक्षकाला मुलींच्या आवाजाबद्दल विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले की या मुली इथे पोहायला आल्या आहेत, गायला नव्हे, अशी हकिगत सांगतात. लोक हसले आणि विषय संपला.

खरे पाहता विषय संपला नव्हता. त्याचा निकाल लागायला पुढे चौदा-पंधरा वर्षे जावी लागली. आजच्या भाषणात मी तीच हकिगत आपल्यापुढे मांडणार आहे. तिच्या आधारे एका जुन्या वादाकडे आपण पाहू या. खेळात शक्ती वाढवणारी औषधे असावीत की नसावीत, हा तो वाद. काहीजण म्हणतात, बंदी कडक करा. काहीजण म्हणतात, बंदीचा उपयोग होत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे खुली करा आणि हा चोरीचा मामला एकदाचा संपवा. दुसरे मत ऐकायला समंजस वाटते. म्हणूनच ते इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

आधी थोडे मागे जाऊ. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे ऑलिंपिक सामने झाले. तिथल्या मॅरेथॉन शर्यतीत टॉमस हिक्स नावाचा धावपटू ऐन उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्याने धावत होता. तो गळून जाऊ लागला, तेव्हा त्याच्याबरोबर असलेल्या माणसांनी त्याला कुचल्याच्या बियांतून निघणारे स्ट्रिक्नीन हे विष अगदी अल्प मात्रेत दिले. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवलेले होते. वर ब्रँडीचे घोटही पाजले. हिक्स कसाबसा शेवटपर्यंत पोहोचला आणि विजयी ठरला. यात कोणी काही लपवले नाही, कारण तसे न करण्याचा नियमच नव्हता. उलट, औषधाचा कसा उपयोग झाला ते कौतुकाने सांगितले गेले.

नियम आला तो १९२८ साली. मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघाने उत्तेजक द्रव्यांना मनाई केली. पण तपासणी कशी करायची ते ठाऊक नसल्यामुळे नियम कागदावर राहिला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी ॲम्फेटामीन जातीच्या गोळ्या दिल्या गेल्या. युद्धानंतर याच गोळ्या सायकलच्या शर्यतींत दिसू लागल्या. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये क्नूड येन्सन नावाचा डेन्मार्कचा सायकलपटू शर्यत चालू असताना कोसळला आणि मरण पावला. उन्हाचा तडाखा भयंकर होता. औषधाचाही संशय घेतला गेला आणि त्याबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला. १९६७ साली मात्र संशयाला जागा उरली नाही. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत, म्हणजे टूर द फ्रान्समध्ये, टॉम सिम्प्सन हा इंग्रज सायकलपटू मों व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर पडला तो पुन्हा उठला नाही. हा माणूस दोन वर्षांपूर्वीचा जगज्जेता होता. त्याच्या शरीरात ॲम्फेटामीन सापडले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वैद्यकीय मंडळ नेमले, आणि १९६८ च्या सामन्यांपासून तपासणी सुरू झाली.

इथपर्यंतची औषधे कशी होती, ते आपल्या शेतकरी बंधूंना एका शब्दात सांगता येईल. ती पराणीसारखी होती. बैल थकला की पराणी टोचतात. बैलाची ताकद त्याने वाढत नाही. अंगात असते ती शेवटची शक्ती तेवढी ओढून काढली जाते. म्हणून तर सिम्प्सन मेला. थकव्याची जाणीव हा देहाचा राखणदार आहे, आणि त्या राखणदाराचेच तोंड बांधले गेले होते.

आता जे औषध आले, त्याची जात निराळी होती. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा एक अंतःस्राव तयार होतो. मिसरूड फुटणे, आवाज फुटणे, स्नायू भरणे, ही कामे तो करतो. स्त्रीच्या शरीरात तो अगदी थोडा असतो. रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याची कृत्रिम भावंडे तयार केली. त्यांना स्टेरॉइड म्हणतात. ती घेऊन कसून मेहनत केली, तर स्नायू लवकर वाढतात, आणि आजच्या मेहनतीचा शीण उद्या सकाळपर्यंत उतरून माणूस पुन्हा तेवढीच मेहनत करू शकतो. पराणीने बैल पळतो तेवढाच. या औषधाने बैलाचे शरीरच बदलते. पुरुषापेक्षा स्त्रीवर आणि मोठ्या बाईपेक्षा वयात येणाऱ्या मुलीवर त्याचा परिणाम जास्त होतो, कारण तिच्या शरीराला या द्रव्याची सवयच नसते. एवढे लक्षात ठेवले म्हणजे माँट्रियलचे कोडे अर्धे उलगडते.

उरलेले अर्धे असे. पूर्व जर्मनीत येनाफार्म नावाचा सरकारी औषध कारखाना होता. त्याने ओराल-ट्युरिनाबोल नावाची एक गोळी बनवली होती. गोळी लहानशी, रंगाने निळी. १९७४ साली तेथील राज्यकर्त्या पक्षाच्या वरिष्ठांनी एक गुप्त योजना मंजूर केली. तिला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. राज्य योजना विषय १४.२५. निवडक खेळाडूंना ही औषधे पद्धतशीर द्यायची, त्यांवर संशोधन करायचे आणि कोणालाही पत्ता लागू द्यायचा नाही, हे तिचे स्वरूप. देशाच्या क्रीडा संघटनेचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वरिष्ठ क्रीडावैद्य मानफ्रेड ह्योप्नर हे तिचे सूत्रधार. या योजनेच्या काळात सुमारे दहा हजार खेळाडूंना औषधे दिली गेली, असा अंदाज आहे.

गोळी हातात कशी पडे, ते ऐका. शाळेतच चुणचुणीत मुले हेरली जात आणि खेळांच्या खास निवासी शाळांत ठेवली जात. आईबापांना अभिमान वाटे. तिथे सरावानंतर प्रशिक्षक पेयाबरोबर गोळ्या देई. काय आहे, असे विचारलेच, तर उत्तर तयार असे: जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, शीण जातो. घरी सांगण्याचे कारण नाही. तेरा-चौदा वर्षांची पोर आपल्या प्रशिक्षकावर विश्वास ठेवणार नाही तर कोणावर? आपली मुले आपल्या सांगण्यावर ठेवतात, तसाच तो विश्वास होता.

आणि पकडले कसे गेले नाहीत? स्टेरॉइडवर बंदी आणि त्याची चाचणी या दोन्ही गोष्टी ऑलिंपिकमध्ये नेमक्या १९७६ पासून आल्या. पण औषध शरीरातून निघून जायला किती दिवस लागतात याचा हिशोब तेथील डॉक्टरांनी करून ठेवला होता. स्पर्धेच्या आधी तेवढे दिवस गोळी बंद. पुढे १९७७ साली त्यांची एक गोळाफेकीची खेळाडू परदेशात सापडली, तेव्हा त्यांनी आणखी कडेकोट व्यवस्था केली. ड्रेस्डेनजवळ क्रायशा गावी तपासणीची प्रयोगशाळा होती. देशाबाहेर पडण्यापूर्वी खेळाडूची तिथे तपासणी होई. दोष आढळला, तर ती व्यक्ती ऐनवेळी आजारी पडे आणि घरी राही. चोर धरण्यासाठी असलेले यंत्र चोरी झाकण्याच्या कामी आले.

१९८९ साली बर्लिनची भिंत पडली. पुढल्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि कपाटे उघडली. ब्रिगिटे बेरेंडोंक ही पूर्वी गोळाफेक आणि थाळीफेक करणारी खेळाडू. ती किशोरवयातच पूर्वेकडून पश्चिमेकडे आली होती. तिचे पती व्हेर्नर फ्रांके हे पेशींवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. या नवराबायकोंनी लष्करी वैद्यकीय संस्थेत पडलेले गुप्त अहवाल मिळवले, आणि १९९१ साली बेरेंडोंकबाईंनी ते पुस्तकरूपाने जगापुढे ठेवले. त्या कागदांत काय नव्हते? कोणत्या खेळाडूला कोणत्या वर्षी किती मिलिग्रॅम दिले, वेळ किती सुधारली, हे सारे व्यवस्थित लिहिलेले होते. आणि त्याच कागदांत दुष्परिणामही लिहिलेले होते. आवाज घोगरा झाला. पाळीत बिघाड झाला. यकृतावर परिणाम दिसला. अंगावर लव वाढली. म्हणजे डॉक्टरांना सारे दिसत होते, आणि ते लिहून घेत होते.

श्रोतेहो, मला वाटते इथे क्षणभर थांबावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे द्यावी, असे जे आज म्हणतात, त्यांना वाटते की आपण काही नवे सांगतो आहोत. पण देखरेख म्हणाल, तर पूर्व जर्मनीइतकी चोख देखरेख कोठेच झाली नसेल. शिकलेसवरलेले डॉक्टर, सरकारी कारखाना, प्रयोगशाळा, नोंदवह्या, काही कमी नव्हते. कमी होती ती एकच गोष्ट. ही देखरेख कोणासाठी होती? डॉक्टरचा पगार, बढती आणि मान हे मुलीच्या प्रकृतीवर अवलंबून नव्हते, तिच्या पदकावर होते. तेव्हा तो डॉक्टर तिचा उरलाच नव्हता. तो पदकाचा डॉक्टर झाला होता.

यातल्या एका व्यक्तीची कथा सांगतो. तिने स्वतःच ती न्यायालयात आणि जगापुढे सांगितली आहे. हायडी क्रीगर ही गोळाफेक करणारी मुलगी. १९८६ साली ती युरोपची विजेती झाली. सोळाव्या वर्षापासून तिला निळ्या गोळ्या मिळत होत्या. तिला सांगितले होते की या जीवनसत्त्वाच्या आहेत. शरीर इतके बदलत गेले की आरशात दिसते ते कोण, हेच तिला कळेना. पाठ, गुडघे, कंबर यांनी दगा दिला आणि खेळ सुटला. १९९७ साली तिने शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे पुरुष म्हणून, आंद्रेयास क्रीगर या नावाने, जगण्याचे ठरवले. आंद्रेयास यांचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. आपल्याविषयीचे प्रश्न लहानपणापासून मनात होते, असे ते सांगतात. त्यांची उत्तरे आपली आपण शोधायची होती. गोळ्यांनी ती संधी हिरावून घेतली, ही त्यांची तक्रार आहे. खटल्याच्या निमित्ताने त्यांची उटे क्राउझे या पूर्वीच्या जलतरणपटूशी भेट झाली. तिलाही याच गोळ्या दिल्या गेल्या होत्या. पुढे दोघांनी लग्न केले.

खटल्याचे काय झाले? जुलै २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने एवाल्ड आणि ह्योप्नर यांना दोषी ठरवले. एवाल्डला २२ महिने आणि ह्योप्नरला १८ महिने कैद झाली. पण दोन्ही शिक्षा स्थगित ठेवल्या गेल्या, म्हणजे तुरुंगाची पायरी कोणी चढले नाही. २००२ साली जर्मन सरकारने कायदा करून पीडित खेळाडूंना प्रत्येकी दहा हजार युरोंच्या आसपास मदत दिली. २०१६ साली आणखी एक तसाच कायदा केला. पैशाने यकृत परत येत नाही. पण झाले ते चूक होते, असे सरकारने कागदावर कबूल केले, हेही लहान नाही.

आता वादाच्या दुसऱ्या बाजूला न्याय देऊ या. तो द्यायलाच हवा, कारण त्या बाजूचे लोक मूर्ख नाहीत.

ते पहिला मुद्दा मांडतात तो खुराकाचा. आपल्या तालमीतला पैलवान बदाम वाटून दूध पितो, तूप खातो, थंडाई घेतो. तेही शक्तीसाठीच ना? श्रीमंत देशाचा खेळाडू उंच डोंगरावर जाऊन सराव करतो आणि त्याचे रक्त सुधारते. ते चालते, मग सुईने रक्त सुधारले तर काय बिघडले? प्रश्न खोचक आहे, आणि रेषा कोठे ओढावी हे सांगणे कठीण आहे हे मी मान्य करतो. पण रेषा ओढणे कठीण म्हणून रेषा नकोच, असे कोणी शेताच्या बांधाबद्दल म्हणत नाही. खुराक पोटाने पचवावा लागतो. तो जास्त झाला तर अंग स्वतःच नको म्हणते. गोळीचे तसे नाही. ती अंगाचे नको ऐकूच देत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक जोराचा आहे. ते म्हणतात, पूर्व जर्मनीत जुलूम होता, मुले अजाण होती, सारे चोरून चालले होते. आम्ही सज्ञान माणसांबद्दल बोलतो. ज्याचे शरीर, त्याची मर्जी. याच विचाराने औषधे खुली असलेल्या सामन्यांची कल्पना २०२३ साली पुढे आली, आणि २०२५ साली अमेरिकेतील लास व्हेगास हे त्यांचे ठिकाण म्हणून जाहीर झाले. भरपूर बक्षिसेही जाहीर झाली.

या मुद्द्याला उत्तर द्यायला पूर्व जर्मनी पुरत नाही. त्यासाठी पुन्हा फ्रान्सच्या सायकल शर्यतीकडे जावे लागते. तिथे सरकारी हुकूम नव्हता. सगळे सज्ञान, पगारी व्यावसायिक. १९९० नंतर तिथे एरिथ्रोपोएटिन नावाचे औषध शिरले. त्याला थोडक्यात ईपीओ म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने वाढतात आणि दम टिकतो. १९९८ साली फेस्टिना या संघाची मोटार सरहद्दीवर अडवली, तेव्हा ती औषधांनी भरलेली निघाली. पुढल्याच वर्षी क्रिस्तोफ बासाँ नावाचा फ्रेंच सायकलपटू वर्तमानपत्रात खुलेपणाने लिहू लागला की औषधाशिवाय या वेगाने जाणे शक्य नाही. तो स्वतः औषध घेत नसे. मग काय झालं? बरोबरच्या सायकलपटूंनी त्याच्याशी बोलणे टाकले. शर्यतीत आघाडीवर असलेल्या लान्स आर्मस्ट्राँगने त्याला तोंडावर सांगितले की तू इथून निघून गेलेला बरा. बासाँने शर्यत मध्येच सोडली. आर्मस्ट्राँग त्या वर्षापासून ओळीने सात वेळा जिंकला. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने औषधे घेतल्याचे कबूल केले.

ज्याची मर्जी त्याने घ्यावी, असे तिथे प्रत्यक्षात चाललेच होते. पण एकाने घेतले, दोघांनी घेतले, की तिसऱ्याची मर्जी उरत नाही. घे नाहीतर घरी जा, एवढेच उरते. बेन जॉन्सन हा कॅनडाचा धावपटू १९८८ साली सोलला ९.७९ सेकंदांत शंभर मीटर धावला आणि तीन दिवसांत त्याचे पदक गेले. त्याच्या प्रशिक्षकाचीही हीच विचारसरणी होती. बाकीचे घेतात, मग आपला खेळाडू मागून का सुरू करावा? शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपणही कोरावा, त्यातला हा प्रकार. शेवटी बांध राहत नाही आणि भांडणही मिटत नाही. औषध सर्वांना खुले झाले, तर धावणाऱ्यांचा क्रम फारसा बदलणार नाही. फक्त सर्वांची यकृते आणि काळजे पणाला लागतील.

त्यांचा तिसरा मुद्दा मला खरा वाटतो. बंदीची अंमलबजावणीही कधी कधी क्रूर होते. २००० साली सिडनीला रुमानियाची आंद्रेया रादुकान ही सोळा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्समध्ये सर्वांगीण विजेती ठरली. तिला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरने सर्दीची साधी गोळी दिली. तीत स्यूडोएफेड्रिन हे त्या वेळी बंदी असलेले द्रव्य होते. सुवर्णपदक गेले. पोरीचा हेतू वाईट नव्हता, हे सर्वांनी मान्य केले. पण नियम असा की शरीरात द्रव्य सापडले तर उत्तर खेळाडूने द्यायचे. १९९९ साली उत्तेजकविरोधी जागतिक संस्था स्थापन झाली आणि २००४ पासून तिची संहिता लागू झाली. तिचाही पाया हाच आहे. हा नियम कठोर आहे, आणि तो नसता तर प्रत्येकजण मला माहीत नव्हते म्हणून सुटला असता, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडचे उदाहरण आपण सर्वांनी ऐकले आहे. नरसिंग यादव हे तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी त्यांच्या तपासणीत मेटान्डायनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या अन्नात ते कोणीतरी मिसळले, असे त्यांनी सांगितले. भारतातील राष्ट्रीय संस्थेने ते मानून त्यांना मोकळे केले. जागतिक संस्थेने त्यावर दाद मागितली, आणि त्यांच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. लवादाला घातपाताची गोष्ट पटली नाही. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या कितीतरी तालमी सुन्न झाल्या असतील.

हा प्रश्न आपल्या दारात आलेला आहे, हे आकड्यांवरूनही दिसते. जागतिक संस्थेच्या २०२३ सालच्या आकडेवारीत भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले, म्हणजे शेकडा ३.८. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. २०२२ साली संसदेने याविषयी कायदाही केला आहे. कायदा हवाच. पण तो शहरातल्या प्रयोगशाळेत काम करतो. गावातल्या मैदानावर काम करायला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुधा शिक्षक असतो.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते, ती सांगतो. वाद चालतो तो नेहमी गोळी घेणाऱ्याबद्दल. त्याने घ्यावी का, त्याला अधिकार आहे का, त्याला शिक्षा किती व्हावी. गोळी देणारा हात मात्र चित्रात येत नाही. हिक्सला विष पाजणारे त्याचे सोबती होते. रादुकानला गोळी देणारा तिचा डॉक्टर होता. क्रीगर यांना देणारे त्यांचे प्रशिक्षक होते, आणि त्यांच्यामागे संपूर्ण राज्य उभे होते. पदक गेले ते रादुकानचे आणि शरीर गेले ते क्रीगर यांचे. एवाल्ड मात्र घरी गेला. बंदी उठवली तर घेणारा मोकळा होईल, असे म्हणतात. इतिहास सांगतो की मोकळा होईल तो देणारा. आज त्याला निदान गोळीला जीवनसत्त्व म्हणावे लागते, इकडेतिकडे पाहावे लागते. उद्या तो उघडपणे मुलासमोर उभा राहून म्हणेल, घे, परवानगी आहे, सगळे घेतात.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेतला एखादा मुलगा तालमीत किंवा भरतीच्या मैदानावर घाम गाळत असेल, आणि त्याचे दंड दोन महिन्यांत फुगले, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, तो एकाएकी चिडखोर झाला, तर त्याला दम देऊ नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, बाळा, काय घेतोस? आणि तुला ते देतं कोण? डब्यावर काय लिहिले आहे ते त्याच्याबरोबर वाचा. ज्या पुडीवर, कुपीवर किंवा डब्यावर नाव नाही, ती वस्तू कोणी फुकट दिली तरी घ्यायची नाही, एवढे त्याच्या मनावर ठसवा. त्याला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जा. मुलीच्या बाबतीत तर अधिकच जपा, कारण तिच्या शरीरावर झालेला बदल बहुधा माघारी फिरत नाही. आणि पालकांनो, मुलाला काय खायला देता, असे प्रशिक्षकाला विचारण्यात कसलाही अपमान नाही. पूर्व जर्मनीतल्या आईबापांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनीही फारसे विचारले नाही.

शेवटी पुन्हा माँट्रियलच्या तलावाशी येऊ. सारे कागद उघडे झाल्यावर त्या पदकांचा फेरविचार करावा, अशी मागणी झाली. ऑलिंपिक समितीने ती मानली नाही. नोंदवहीत शर्लीच्या नावापुढे आजही चार रौप्यपदकेच आहेत. ती खरे बोलली होती, एवढे मात्र जगाला कळून चुकले.

पण तिच्या शेजारच्या पाण्यात पोहणाऱ्या, तिला हरवणाऱ्या त्या मुलींचाही विचार करा. त्याही पंधरा ते अठरा वर्षांच्याच होत्या. पहाटे उठून त्यांनीही मैलोगणती पाणी कापले होते. आज आपले पदक हातात घेतले, तर त्यातले आपले किती आणि गोळीचे किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. शर्लीचे पदक गेले. यांचे तर पदक असूनही त्याचा आनंद गेला. आपल्या मुलांना हरण्याची वेळ आली तर ती त्यांच्या स्वतःच्या ताकदीनिशी यावी, आणि जिंकली तर तो विजय पूर्णपणे त्यांचा असावा, एवढी राखण आपण मोठ्यांनी केली पाहिजे.